कळ दाबली, कुत्रा काय शिकला?

विजेच्या पट्ट्याचा परिणाम होतो. कुत्रा पळत सुटला, मालकाने रिमोटवरची कळ दाबली, मानेला झटका बसला, कुत्रा जागच्या जागी थबकला. हे घडतं आणि ते नाकारून काही साधणार नाही. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. झटका बसला त्या क्षणी कुत्रा नेमका कशाकडे बघत होता? त्याने धडा घेतला तो त्या गोष्टीचा. आणि ती गोष्ट कोणती, हे कळ दाबणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

एवढ्या एका कारणासाठी हा पट्टा आपल्या बाजारातून उठला पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी यंत्र हातात घेऊन बघा. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी आणि डबीच्या आतल्या अंगाला धातूचे दोन खुंट. हे खुंट केसांतून थेट कातडीला टेकले तरच झटका लागतो, म्हणून पट्टा घट्ट आवळावा लागतो. दाट केसांच्या कुत्र्यांसाठी लांब खुंट वेगळे मिळतात. मालकाच्या हातातल्या रिमोटवर कळा असतात: एक आवाजाची, एक थरथरीची, एक झटक्याची. झटक्याची तीव्रता कमी-जास्त करता येते. कित्येक यंत्रांत ती एकपासून शंभरपर्यंत चढते. पल्ला काही शे मीटरचा, महागड्या यंत्रांत किलोमीटरच्याही पुढचा. पट्टा दिवसभर तसाच राहिला तर खुंटांखालची कातडी दबून तिथे जखमा होतात. म्हणूनच काही तासांनी पट्टा काढून ठेवा, असं बनवणारेच माहितीपत्रकात सांगतात.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठी हे पट्टे बाजारात आले. रानात दूरवर गेलेला कुत्रा भलत्याच जनावरामागे लागला तर त्याला तिथून वळवायचं, हा त्यांचा उपयोग. आज तेच यंत्र आपल्याकडे ऑनलाइन दुकानांत काही हजार रुपयांना मिळतं, घरपोच येतं आणि वन बीएचकेत राहणाऱ्या बीगलच्या गळ्यात पडतं. घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. कुत्रा किती महिन्यांचा, भित्रा आहे का, आजारी आहे का, याआधी तुम्ही कधी कुत्रा शिकवलाय का, काहीही नाही.

घेणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी फोनवर एक रील पाहिलेलं असतं. गर्दीच्या रस्त्यातून एक बेल्जियन मॅलिनॉइस मालकाच्या गुडघ्याला लागून चालतोय, गळ्यात दोरी नाही, मालक थांबला की तोही थांबतो. आपलाही कुत्रा असाच चालावा, ही इच्छा अगदी रास्त आहे. त्या कुत्र्यामागे रोजच्या शिकवणीचे किती महिने आहेत, ते रीलमध्ये दिसत नाही. मग पट्टा मागवला जातो, कारण पट्टा उद्या येतो.

पुण्याच्या वेताळ टेकडीवरचं, एका सकाळी समोर घडलेलं सांगण्यासारखं आहे. एक तरुण लॅब्रॅडॉर मोराच्या मागे धावला. मोर बोराटीच्या जाळीत शिरला, दिसेनासा झाला आणि कुत्रा थांबला. समोरून शाळकरी वयाची एक मुलगी येत होती. तिला बघून त्याने शेपूट हलवायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हा मागून येणाऱ्या मालकाने कळ दाबली. कुत्र्याची मान एका बाजूला हिसकली, तो केकाटला. मुलगी दोन पावलं पुढे आली तसा तो मालकाच्या पायांआड सरकला. कान मागे, एक पंजा वर उचललेला, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय. मालक खूश होता. त्याच्या दृष्टीने मोराचा पाठलाग थांबला होता.

कुत्र्याच्या दृष्टीने मोराचा काही संबंधच नव्हता. मोर गेला, त्यानंतर एक लहान मूल दिसलं आणि मान भाजल्यासारखी दुखली. हा हिशेब त्याने मांडला असेल तर त्यात त्याची काही चूक नाही. उद्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो एखाद्या मुलावर गुरगुरला, तर घरचे म्हणतील की इतका गरीब कुत्रा अचानक असा कसा झाला! त्यात अचानक काहीच नसेल. तो महिनाभर हेच शिकत असेल.

कुत्रा कार्यकारणभाव जोडतो तो क्षणाच्या हिशेबाने. बक्षीस असो की शिक्षा, ती ज्या गोष्टीला लगटून येते त्या गोष्टीशी जोडली जाते. एका सेकंदाचा उशीर झाला तरी गोष्ट बदलते, कारण तेवढ्यात कुत्र्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. चिकनचा तुकडा चुकीच्या क्षणी दिला तर फार तर तुकडा वाया जातो. झटका चुकीच्या क्षणी दिला तर भीती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते, आणि कुत्र्याच्या मनात बसलेली भीती काढणं हे शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. शंभर मीटरवर पाठमोरा असलेला कुत्रा या क्षणाला कशाचा वास घेतोय, कशाचा आवाज ऐकतोय, हे तुम्हाला इथून दिसतं का? दिसत नसेल, तर कळ दाबण्याचा अधिकार तुम्हाला कशाच्या बळावर मिळाला?

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच मुद्द्यावर बोट ठेवतो. १४ बीगलांचे तीन गट केले. पहिल्या गटाला हलत्या नकली सशाला तोंड लावलं की त्याच क्षणी झटका. दुसऱ्या गटाला, आधी शिकवलेली हाक शिकारीच्या नादात पाळली नाही की झटका. तिसऱ्याला कधीही, काहीही कारण नसताना. मग लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. पहिल्या गटात ते विशेष वाढलं नाही, कारण काय केलं की दुखतं ते त्या कुत्र्यांना कळलं होतं आणि टाळता येत होतं. तिसऱ्या गटात ते सगळ्यांत जास्त वाढलं. त्याच्या खालोखाल दुसरा गट.

दुसऱ्या गटाकडे नीट बघा. हाक मारली, आला नाही, दिला झटका: घराघरांत पट्टा वापरला जातो तो याच पद्धतीने. शिकवणारे जाणते होते, प्रयोग काटेकोर होता, तरी या पद्धतीत कुत्र्याला आपल्याला का दुखतंय ते नीट उमगत नव्हतं. मग हातात पहिल्यांदाच रिमोट घेतलेल्या आणि त्याच वेळी फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या कुत्र्याला काय उमगणार?

नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २००४ मध्ये रक्षक म्हणून तयार होणाऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांबद्दल लिहिलं, ते तर प्रत्येक मालकाने वाचावं. झटके खाल्लेली कुत्री प्रशिक्षण संपल्यावर, बागेत नुसती फिरत असतानाही ताणाखाली दिसत होती. त्यांची तुलना मऊ हाताने वाढवलेल्या कुत्र्यांशी नव्हती. दुसऱ्या गटातलं प्रशिक्षणही कडकच होतं, फक्त त्यात वीज नव्हती. संशोधकांचा निष्कर्ष असा, की मालक जवळ असणं आणि त्याने हुकूम देणं ही झटक्याची पूर्वसूचना आहे, असं ती कुत्री शिकली होती. ज्या माणसाकडे धावत यावं म्हणून हा सगळा खटाटोप, तो माणूसच दुखण्याची खूण होऊन बसला.

पट्ट्याच्या बाजूनेही पुरावा आहे आणि तो लपवून मी माझी बाजू मांडणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात, वेगाने पळणाऱ्या आमिषामागे धावणं थांबवायला निष्णात प्रशिक्षकाने वापरलेला विजेचा पट्टा एक-दोन बैठकांत यशस्वी ठरला आणि खाऊ देऊन शिकवलेले गट त्या मुदतीत मागे पडले. झटका बसताना कुत्री केकाटली, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे. पट्ट्याचे समर्थक हा अभ्यास पुढे करतात. मी तो मान्य करून विचारते: बंदिस्त जागा, एकच आमिष, ठरलेला क्षण आणि कळीवर निष्णात बोट, यांतलं तुमच्या टेकडीवर काय आहे? शिवाय पाच-सहा दिवसांची ती मुदत प्रयोगाची होती. कुत्रा तुमच्याकडे दहा-बारा वर्षं राहणार आहे. तुम्हाला घाई कसली आहे?

उलट ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाने नेमके बोलावल्यावर न येणारे, मेंढ्यांमागे धावणारे ६३ पाळीव कुत्रे घेतले आणि २१-२१ चे तीन गट केले. पहिल्या गटाला पट्टा बनवणाऱ्यांनीच सुचवलेल्या प्रशिक्षकांनी पट्टा वापरून शिकवलं, दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्याविना, तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांतले बहुतेक मालक समाधानी होते. पट्ट्यामुळे वेगळा फायदा दिसला नाही. पट्ट्याच्या गटातली कुत्री मात्र जास्त ताठरलेली होती, जास्त जांभया देत होती. कुत्र्याची जांभई पुष्कळदा झोपेची नसते, अस्वस्थतेची असते. त्याच चित्रफिती पुन्हा तपासून २०२० मध्ये आणखी एक निबंध आला. पहिल्या हाकेला येण्यात आणि पहिल्या सांगण्याला बसण्यात बक्षिसावर शिकलेली कुत्री सरस ठरली होती.

म्हणजे या अभ्यासात उत्तम हातांतही पट्ट्याने फार तर बरोबरी गाठली. सामान्य हातांत तो काय करतो, हे तुम्ही सांगा.

"मी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं, नुसत्या मुंग्या येतात," असं मालक सांगतात. ते खोटं बोलत नसतात. पण हातावर लावताना कळ तुमच्याच बोटाखाली असते, झटका कधी येणार ते तुम्हाला माहीत असतं आणि नको वाटलं की पट्टा काढता येतो. कुत्र्याला यांतलं काहीच मिळत नाही. वर तीव्रता तीच ठेवली तरी कातडी ओली असली, केस पातळ असले, पट्टा जरा सरकला की लागणारा झटका वेगळा. आणि कुत्रा शिकारीच्या तंद्रीत असताना नुसत्या मुंग्यांनी तो थांबत नाही. मग आकडा वाढवला जातो. आकडा वाढवणारं बोट त्या वेळी चिडलेलं असतं.

"हायवेकडे धावला तर? तेव्हा पट्टाच जीव वाचवेल ना?" हायवेजवळ कुत्रा मोकळा सोडायचाच कशाला? जीव वाचवायला दोरी आहे. तिला बॅटरी लागत नाही, ती पावसात बंद पडत नाही. आणि झटका बसल्यावर बिथरलेला कुत्रा तुमच्याकडेच धावेल, याची खात्री कुणी दिली? रस्ता ओलांडून पलीकडेही पळेल.

मोकळं सोडण्याबद्दलही स्पष्ट बोलू. आपली शहरं आणि टेकड्या म्हणजे वेल्सची कुरणं नव्हेत. इथे भटकी कुत्री आहेत, रेबीज आहे, स्कूटर आहेत, फटाके आहेत, कुत्र्याला घाबरणारी म्हातारी माणसं आहेत. टेकडीवर मोर आहे आणि तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. बारामतीजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या माळावर चिंकारा आहे. आपल्या जनावराकडून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सार्वजनिक जागी कुत्रा दोरीवर असावा, हीच शहाणपणाची रीत. जिथे मोकळं सोडायला झटक्याची धमकी लागते, ती जागा मोकळं सोडण्याची नव्हेच. कुंपण घातलेलं मैदान, शेत, फार्म हाउसचं आवार शोधा.

बिनदोरीचा कुत्रा महाराष्ट्राला नवा नाही. दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे पाहा. मेंढरांबरोबर कुत्री चालतात, रात्री लांडग्याच्या वासाने उठतात. पिल्लू असल्यापासून ती मेंढरांत वाढतात, दिवसरात्र माणसाच्या सोबतीला असतात, आणि आपलं काम काय ते बघत बघत शिकतात. एवढा सहवास शहरातला माणूस देऊ शकत नाही, हे मान्य. पण दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं देऊ शकतो.

तेवढ्यात काय करायचं, ते सांगते. एक शब्द ठरवा, 'ये' किंवा 'इकडे', पण घरातल्या सगळ्यांनी तोच. कुत्रा दोन पावलांवर असताना हाक मारा आणि पोचल्याक्षणी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. घरात दहापैकी दहा वेळा येऊ लागला की जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग दहा मीटरची लांब दोरी लावून मैदानात. दोरीने ओढून आणायचं नाही. तो निसटू नये एवढ्यासाठीच ती असते. हाक एकदाच मारायची. दहा वेळा ओरडलात तर पहिल्या नऊ हाका सोडून दिल्या तरी चालतात, हे तो शिकतो. हाक मारून आंघोळीला नेऊ नका, गोळी खायला घालू नका. आला की बहुतेक वेळा शाबासकी देऊन परत खेळायला सोडा, म्हणजे येणं हा खेळाचा शेवट ठरणार नाही. आणि पाच मिनिटं हुंदडून उशिरा आला, तरी रागावू नका. तुम्ही रागावता ते उशिराबद्दल. त्याला कळतं ते एवढंच, की जवळ गेलं की बोलणी बसतात.

बीगलला महिने लागतील. आपल्या कारवानीला किंवा मुधोळला कदाचित जास्त. नजरेला पडलेल्या सशामागे धावण्यासाठीच ती पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदा केलेली आहेत. काही कुत्री कधीच पूर्ण मोकळी सोडता येणार नाहीत. त्यांना लांब दोरीवर धावू द्या. त्यांचं काही बिघडत नाही. आपली हौस तेवढी अपुरी राहते.

ट्रेनर ठेवणार असाल तर आधी एवढं विचारा: कुत्र्याने बरोबर केलं की तुम्ही काय करता, चुकलं की काय करता, आणि मी शेजारी बसून बघितलं तर चालेल का? आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर म्हणून पाटी लावायला परवाना लागत नाही. महिनाभर कुत्रा आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो, असं सांगणाऱ्याकडे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर कुत्रा घेऊन घरी या.

आता कायदा. वेल्सने २०१० मध्ये हे पट्टे वापरण्यावर बंदी घातली, आणि वेल्स हा गावोगाव मेंढ्या असलेला देश आहे. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला, की कुणी ते किती जपून वापरलं हा प्रश्न गौण. यंत्र वेदना देण्याच्या क्षमतेचं आहे, एवढं पुरे. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन यांनीही मनाई केली आहे. इंग्लंडने नियम तयार केले, ते १ फेब्रुवारी २०२४ पासून लागू व्हायचे होते, पण कॉमन्स सभागृहाची मंजुरी मिळालीच नाही. तिथले मेंढपाळ आणि पट्ट्याचे समर्थक म्हणत होते, मेंढ्या वाचवायला पट्टा हवा. मेंढ्या दोरीनेही वाचतात.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. कलम ११ प्रमाणे जनावराला विनाकारण वेदना देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पट्ट्याचं नाव त्या कायद्यात कुठेही नाही, आणि असतं तरी त्या दंडातून पट्टा घरी आणून देण्याचा खर्चही निघाला नसता.

पण याच कायद्याखाली केलेल्या १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी टोकदार काठी आणि खिळे असलेला लगाम वापरायला मनाई केली आहे. बैलाला टोचणारी पराणीची आर या देशाने ६० वर्षांपूर्वी बेकायदा ठरवली. पोटासाठी औत हाकणाऱ्या शेतकऱ्याला आपण तेव्हा सांगितलं, की जनावर ताब्यात ठेवायला आर चालणार नाही. हौसेसाठी कुत्रा पाळणाऱ्या शहरी माणसाला तेच सांगायला आपली जीभ का अडखळते?

यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम ३८ प्रमाणे केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मसुदा द्यावा, मंत्रालयाने तो काढावा: कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची विक्री, आयात आणि वापर बंद. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लीकट्टू निकालात, वेदना आणि भीती यांच्यापासून मुक्ती हा प्राण्यांचा हक्क मानलेलाच आहे. तो निकाल बैलांच्या शर्यतींपुरता कोपऱ्यात ठेवून चालणार नाही.

नियम निघायला वेळ लागेल. ज्यांच्या घरात पट्टा आलेला आहे, त्यांनी आज तो गळ्यातून काढावा, त्यातली बॅटरी काढून तो ई-कचऱ्यात द्यावा. दुसऱ्याला विकू नये. आणि येताना दहा मीटरची दोरी घेऊन यावी.